आधी साबण, मग क्लोरीन

दीड वर्षाचं मूल नवी वस्तू आधी तोंडात घालून पाहतं. पाळणाघरात अशी आठ-दहा मुलं एकाच टोपलीतल्या खेळण्यांनी खेळतात. एकाच्या लाळेने ओली झालेली रिंग पाच मिनिटांत दुसऱ्याच्या तोंडात असते. रांगणाऱ्याचे हात फरशीवर, आणि तेच हात तोंडात. लंगोट बदलून उठलेल्या मावशींना दुसरं बाळ रडताना दिसतं आणि हात धुण्याआधीच त्या त्याला उचलतात. जुलाब, सर्दी, डोळे येणं, हात-पाय-तोंडाचा आजार हे सगळे याच वाटांनी फिरतात. खेळणी, चटया, टेबलं निर्जंतुक कशी ठेवायची हा प्रश्न म्हणूनच पाळणाघर चालवणाऱ्या प्रत्येकीपुढे रोज उभा असतो. त्याचं रोजचं उत्तर बहुतेक ठिकाणी एकच असतं: बादलीभर पाणी आणि त्यात अंदाजाने ओतलेलं फिनाईल किंवा डेटॉल.

हा प्रश्न आता थोड्या घरांपुरता राहिलेला नाही. महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात झालेल्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली. पुण्या-मुंबईत सोसायटीच्या तळमजल्यावर, दोन खोल्यांत चालणारी घरगुती पाळणाघरं तर मोजदादीच्या बाहेर आहेत. या सगळ्यांवर ‘स्वच्छता राखावी’ असा नियम आहे, पण ती कशाने आणि कशी राखावी हे सांगणारं माणूस क्वचितच भेटतं. या विषयावर जगभर जे काम झालं आहे ते एकत्र ठेवून वाचल्यावर माझं मत असं बनलं आहे की आपण जंतुनाशक नको तिथे फार वापरतो, हवं तिथे चुकीचं वापरतो, आणि साबण-पाण्याला व ते वापरणाऱ्या हातांना पुरेसा वेळ देत नाही.

आधी जंतूंकडे पाहू, कारण सगळे जंतू एका औषधाला सारखे दाद देत नाहीत. फ्लू, करोना आणि लहान बाळांच्या छातीत कफ करणारा आरएसव्ही या विषाणूंना चरबीचं वेष्टन असतं. साबणाने ते फाटतं आणि विषाणू निकामी होतो. रोटा, नोरो आणि हात-पाय-तोंडाच्या आजाराचे कॉक्सॅकी व इतर एन्टेरोव्हायरस यांना असं वेष्टन नसतं. ते चिवट असतात आणि खेळण्यावर, नळाच्या तोटीवर कित्येक दिवस टिकू शकतात. साबण त्यांना मारत नाही, पण चोळून धुतल्यावर ते पाण्याबरोबर वाहून जातात, आणि रोजच्या व्यवहारात तेवढंही पुष्कळ असतं. त्यांना खरोखर मारायचं असेल तर क्लोरीन लागतं. हाताला लावायचं अल्कोहोलचं सॅनिटायझर नोरो आणि एन्टेरो गटावर दुबळं पडतं. फरशी पुसायच्या सुवासिक द्रावणांत बहुधा बेन्झाल्कोनियम क्लोराइड असतं, तेही तिथे कमी पडतं. डेटॉलमधलं क्लोरोझायलेनॉल बऱ्याच जीवाणूंना मारतं, या चिवट विषाणूंपुढे मात्र त्याचा फारसा उपयोग नाही. पावसाळ्यात पाळणाघरातल्या दोन-तीन मुलांच्या तळहातावर फोड दिसले की सगळी खेळणी डेटॉलच्या पाण्यात बुडवली जातात. ज्या आजारासाठी हे चाललेलं असतं, नेमक्या त्यालाच त्याने फार फरक पडत नाही.

मग खेळणी निर्जंतुक करून मुलं कमी आजारी पडतात का? याचा थेट प्रयोग डेन्मार्कमधल्या बारा पाळणाघरांत झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. निम्म्या पाळणाघरांतली खेळणी आणि अंथरुणं-पांघरुणं दर दोन आठवड्यांनी बाहेर नेऊन धुतली व निर्जंतुक केली जात. तीन महिने हे चाललं. खेळण्यांवर सापडणारे सर्दीचे काही विषाणू कमी झाले, पण आजारपणामुळे मुलांच्या बुडणाऱ्या दिवसांत फरक पडला नाही. त्याआधी, २०००च्या सुमारास, ऑस्ट्रेलियात कॅनबेरा इथे दुसरा प्रयोग झाला होता. तिथे भर होता हातांवर: सेविकांना आजार कसा पसरतो ते शिकवणं, त्यांनी आणि मुलांनी हात नीट आणि वेळेवर धुणं. दोन वर्षांवरच्या मुलांत जुलाब जवळपास निम्म्याने कमी झाले. ज्या केंद्रांत मुलांचं हात धुणं खरोखर पाळलं गेलं तिथे फायदा आणखी मोठा होता.

डॅनिश प्रयोगाचा अर्थ ‘खेळणी धुऊ नका’ असा काढणं चूक होईल. दोन आठवड्यांतून एकदा धुतलेलं खेळणं त्याच दिवशी दुपारपर्यंत पुन्हा लाळेने भरतं. त्यामुळे तोंडात गेलेलं खेळणं रोज धुण्याचा उपयोग नाही असं त्यातून सिद्ध होत नाही. एवढं मात्र दिसतं की पंधरवड्यातून एकदा मोठा समारंभ करून काही साधत नाही. शिवाय प्रत्येक आजार वस्तूंवरून सारखाच पसरत नाही. करोनाच्या काळात आपण दाराच्या कड्या आणि भाजीच्या पिशव्या पुसत बसलो. २०२१च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने सांगितलं की वस्तूला हात लावून करोना होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकाहून कमी आहे आणि बहुतेक वेळा साबण-पाण्याची सफाई पुरे. पोटाच्या आजारांचं गणित वेगळं आहे. शिगेला हा रक्ती आवेचा जंतू दहा ते शंभर एवढ्या थोड्या संख्येनेही आजार करू शकतो. म्हणून लंगोट बदलायची जागा, शौचालय आणि जेवणाचं टेबल या तीन जागांचं महत्त्व बैठकीच्या खोलीतल्या कपाटापेक्षा कितीतरी जास्त आहे.

देशोदेशीचे नियमही याबाबतीत एकमताचे नाहीत. अमेरिकेत पाळणाघरांसाठीचे राष्ट्रीय मानदंड तोंडात जाणारी खेळणी रोज धुऊन जंतुनाशकात बुडवायला सांगतात आणि लंगोटाची जागा प्रत्येक वापरानंतर निर्जंतुक करायला सांगतात. ऑस्ट्रेलियाच्या आरोग्य परिषदेची पुस्तिका म्हणते की रोजच्या सफाईला डिटर्जंट आणि पाणी पुरतं, जंतुनाशक हवं ते शी, उलटी, रक्त असं काही सांडलं असेल तेव्हा. मला ऑस्ट्रेलियाची भूमिका आपल्याकडे जास्त लागू वाटते. आपल्याकडे जंतुनाशकाची ताकद मोजली जात नाही, खोल्या लहान असतात, आणि ज्यांच्या हातात बाटली असते त्यांना कोणी प्रशिक्षण दिलेलं नसतं. अशा ठिकाणी रसायन जितक्या कमी वेळा बाहेर निघेल तितकं बरं. दोन गोष्टी मात्र अमेरिकेकडून घ्याव्यात: लंगोटाच्या जागेबद्दलची शिस्त, आणि ‘तोंडात गेलेल्या खेळण्यांचा’ वेगळा डबा. मुलाने चघळून टाकलेलं खेळणं दिसलं की ते उचलून झाकणाच्या डब्यात टाकायचं आणि धुतल्याशिवाय टोपलीत परत येऊ द्यायचं नाही. याला खर्च काही नाही. खेळण्यांचे दोन संच तेवढे लागतात, म्हणजे एक धुऊन वाळत असताना दुसरा वापरात राहतो.

आता क्लोरीन. महाराष्ट्राच्या खेड्यांना ते नवं नाही. ग्रामपंचायतीचा शिपाई विहिरीत टीसीएल पावडर टाकतो आणि आरोग्यसेवक ओटी चाचणीने पाण्यातलं क्लोरीन तपासतो, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो आहोत. तीच पावडर आणि बाजारात मिळणारं सोडियम हायपोक्लोराइट हे पाळणाघरासाठी सर्वात स्वस्त आणि सर्वात भरवशाचं जंतुनाशक आहे, प्रमाण पाळलं तर. चार टक्के हायपोक्लोराइट असेल तर एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर, म्हणजे एक छोटा चमचा, टाकल्याने दर दहा लाख भागांत दोनशे भाग क्लोरीन होतं. धुतलेल्या प्लॅस्टिकच्या खेळण्यांना एवढं पुष्कळ. त्यात दोन मिनिटं बुडवून ठेवावं, साध्या पाण्याने खळबळून घ्यावं आणि फडक्याने न पुसता वाऱ्यावर वाळू द्यावं. शी किंवा उलटी सांडली असेल तर लिटरला पंचवीस मिलिलिटर, म्हणजे हजार भागांचं द्रावण लागतं. टीसीएल ताजी, तेहेतीस टक्क्यांची असेल तर तेवढ्यासाठी तीन ग्रॅम पुरते. ती विरघळवून वरची निवळ वापरावी. टक्केवारी लिहिलेली नसेल ती बाटली घेऊच नये, कारण मग हे सगळं गणित अंदाजावर येतं.

गणित बरोबर असूनही क्लोरीन फुकट जाऊ शकतं. मळ, दूध, लाळ, विष्ठा असं सेंद्रिय काहीही असलं की क्लोरीन त्याच्यावरच खर्च होतं आणि जंतूंसाठी उरत नाही. म्हणून शीर्षकात म्हटलं तो क्रम मोडता येत नाही: सांडलेलं आधी कागदाने किंवा जुन्या फडक्याने उचलायचं, मग साबणाने धुवायचं, मग क्लोरीनचं द्रावण ओतून पाच ते दहा मिनिटं तसंच ओलं ठेवायचं. ओतलं आणि लगेच पुसलं तर ते सुगंधी पाणी शिंपडल्यासारखंच आहे. शेणाने सारवलेल्या जमिनीवर तर क्लोरीन टाकण्यात अर्थच नाही, ते शेणातच संपतं. पाड्यावरच्या अशा अंगणवाडीत घाण झालेला भाग खरवडून काढणं, बाहेर पुरणं, ऊन येऊ देणं आणि बाळांसाठी धुता येणारी जाड चटई अंथरणं हाच खरा उपाय.

हवेचाही यात मोठा वाटा आहे. हायपोक्लोराइट उष्णतेने आणि उजेडाने मरतं. विदर्भात मेच्या उन्हाळ्यात खिडकीशी ठेवलेली बाटली जूनमध्ये वापरली तर तिच्यात लेबलवरची ताकद नसते. कोकणातल्या पावसाळी दमट हवेत टीसीएलची उघडी पिशवी तशीच निकामी होते. बाटली काळोख्या, थंड कपाटात ठेवावी, पावडर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी, आणि पाण्यात मिसळलेलं द्रावण त्याच दिवशी संपवून उरलेलं ओतून द्यावं. गरम पाण्यात ते मिसळू नये.

ज्या रसायनाने जंतू मरतात त्याने मुलालाही इजा होते, हे आपण फार सहज विसरतो. शौचालय धुण्याच्या द्रवात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. ते आणि ब्लीच, म्हणजे वरचं हायपोक्लोराइट, एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद मोरीत तो जिवावर बेतू शकतो. ब्लीचमध्ये अमोनिया मिसळला की दुसरा विषारी वायू तयार होतो. व्हिनेगर घातलं तरी क्लोरीनच बाहेर पडतं. ‘दोन्ही टाकलं की जास्त स्वच्छ’ ही समजूत त्यामुळे सर्वात धोकादायक आहे. काळं फिनाईल हे डांबरापासून निघणाऱ्या फिनॉल जातीच्या रसायनांचं असतं. नवजात बाळ पाळण्यात असताना तो पाळणा फिनॉलने पुसू नये असं सीडीसीची मार्गदर्शिका स्पष्ट सांगते, कारण अशा वापरानंतर बाळांची कावीळ वाढलेली आढळली होती. आपल्याकडे तेच फिनाईल तान्ह्या मुलांच्या खोलीत सकाळ-संध्याकाळ फिरतं. ते तिथून काढून टाकावं, एवढंच मी म्हणेन.

बाटलीच्या जागेबद्दल आपल्याला यवतमाळने धडा दिला आहे. ३१ जानेवारी २०२१ रोजी त्या जिल्ह्यातल्या एका गावात पोलिओच्या लसीऐवजी बारा लहान मुलांच्या तोंडात हॅण्ड सॅनिटायझरचे थेंब घातले गेले. मुलं वाचली, पण त्यांना रुग्णालयात न्यावं लागलं. लस देणाऱ्या हातांकडून असं होऊ शकतं, तर पाण्याच्या जुन्या बाटलीत भरून मोरीच्या कोपऱ्यात ठेवलेल्या ॲसिडचं काय होईल याची कल्पना करवत नाही. जंतुनाशक कधीही पिण्याच्या बाटलीत भरू नये. मूळ बाटली, ठळक मराठी चिठ्ठी आणि कुलपाचं कपाट या तीन गोष्टी नसतील तर त्या पाळणाघरात जंतुनाशक नसलेलंच बरं.

हळूहळू होणारी इजा दिसत नाही म्हणून ती नाही असं नव्हे. कॅनडातल्या दोन हजारांहून अधिक बाळांच्या पाहणीत, २०२० साली, असं दिसलं की पहिल्या तीन-चार महिन्यांत घरात सफाईची रसायनं वारंवार वापरली गेली तर तीन वर्षांच्या वयात दम्याचं प्रमाण जास्त होतं. स्पेन, नेदरलँड्स आणि फिनलंडमधल्या नऊ हजारांवर शाळकरी मुलांच्या पाहणीत आठवड्यातून एकदा तरी ब्लीच वापरणाऱ्या घरांत फ्लू आणि वारंवार घसा येणं थोडं जास्तच आढळलं. या पाहण्यांनी कार्यकारण सिद्ध होत नाही, कारण आजारी मुलाच्या घरी सफाई वाढतेच. तरीही दिशा विचारात घेण्याजोगी आहे. फवारणीपेक्षा ओल्या फडक्याने पुसणं, मुलं बाहेर असताना पुसणं, खिडक्या उघड्या ठेवणं, एवढ्याने धोका बराच उतरतो. माणसांवर जंतुनाशक फवारू नये असं केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्ये बजावलं होतं. मुलांच्या खोलीत धूर किंवा धुकं सोडणाऱ्या ‘सॅनिटायझेशन’ कंपन्यांनाही तेच उत्तर द्यायला हवं. कडुनिंबाच्या पाल्याची धुरी देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण तो धूर मुलांच्याच फुफ्फुसांत जातो.

मातीचंच भय धरणं हीही एक चूक आहे. फिनलंडमध्ये काही बालसंगोपन केंद्रांच्या अंगणात जंगलातली माती आणि हिरवळ आणून टाकली आणि पंचाहत्तर मुलांवर अठ्ठावीस दिवस लक्ष ठेवलं. मुलांच्या त्वचेवरच्या जंतूंची विविधता वाढली आणि प्रतिकारशक्तीला ताब्यात ठेवणाऱ्या यंत्रणेत चांगले बदल दिसले. २०२०च्या या अभ्यासाने मला आपल्याच कोसबाडची आठवण झाली. बालशिक्षणाच्या कामासाठी ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या, आणि पुढे कोसबाडला काम वाढलं. मुलं शाळेत येईनात म्हणून शाळा पाड्यावरच्या अंगणात गेली. मुलांची अंघोळ, नखं, केस हा तिथल्या शिक्षणाचाच भाग होता, आणि खेळण्याचं साहित्य म्हणजे पानं, बिया, शंख, माती, खडे. त्या साहित्याचा आरोग्याच्या दृष्टीने एक गुण आपण विसरलो आहोत. पान चुरगळलं, मातीचा बैल मोडला की टाकून द्यायचा आणि उद्या नवा करायचा. तो निर्जंतुक करायचा प्रश्नच येत नाही. तीन वर्षांखालच्या मुलांजवळ बिया आणि खडे ठेवू नयेत, घशात अडकतात. बाकी ही रीत पुन्हा आणण्यासारखी आहे. अंगणात खेळून आल्यावर साबणाने हात धुतले की झालं.

खेळण्यांच्या जातीप्रमाणे थोडं सांगायला हवं. प्लॅस्टिक आणि रबर सोपं. मात्र दाबल्यावर पाणी उडवणाऱ्या बदकांच्या पोटात पाणी साचून काळी बुरशी धरते, ती पाळणाघरात आणूच नयेत. सावंतवाडीची लाकडी खेळणी सुंदर असतात आणि ती क्लोरीनच्या बादलीत बुडवणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. लाकूड फुगतं, रंग सुटतो, आणि सुटलेला रंग पुन्हा तोंडात जातो. साबणाचं ओलं फडकं, मग पाण्याचं, मग सावलीत वाळवणं. अशी खेळणी चघळण्याच्या वयापलीकडच्या मुलांना द्यावीत. कापडी बाहुल्या आणि गोधड्या आठवड्याला गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवाव्यात. धुता येत नाही असं मऊ खेळणं सामायिक ठेवू नये, ते ज्याचं त्याच्याच जवळ राहावं.

हे सगळं करणार कोण? अंगणवाडीतली मदतनीस, पाळणाघरातली मावशी. खिचडी शिजवणं, मुलं आणणं-पोहोचवणं, शी-शू आवरणं आणि वर खेळणी धुणं, हे सगळं एकाच बाईच्या अंगावर असतं. नॉर्वेच्या बर्गन इथल्या संशोधकांनी सहा हजारांहून अधिक लोकांच्या वीस वर्षांच्या नोंदी पाहिल्या. २०१८ साली त्यांनी मांडलं की सफाईचं काम करणाऱ्या आणि घरी सफाई करणाऱ्या स्त्रियांच्या फुफ्फुसांची ताकद इतरांपेक्षा लवकर घटते. जंतुनाशकाची चर्चा मुलांभोवती फिरते आणि ही बाई त्यातून निसटते. तिला रबरी हातमोजे, मोजमापाचं भांडं, भिंतीवर लावलेला प्रमाणाचा मराठी तक्ता आणि मुलं झोपली असताना सफाईसाठी राखीव अर्धा तास मिळाला पाहिजे. टँकरवर जगणाऱ्या मराठवाड्याच्या गावात हात धुण्याचं पाणी आधी राखून ठेवावं, फरशी नंतर. दोन्हींना पुरत नसेल तर हात निवडावेत.

पालकांनी पाळणाघर पाहायला गेल्यावर वासावरून निर्णय घेऊ नये. मुलांच्या उंचीला नळ आहे का, त्यापाशी साबण आहे का, लंगोट बदलायची जागा जेवणाच्या जागेपासून लांब आहे का आणि बाटल्या कुलपात आहेत का, हे पाहावं. मूल आजारी पडलं तर उलट्या-जुलाब थांबल्यानंतर अठ्ठेचाळीस तास त्याला घरी ठेवावं. पाळणाघरातला संसर्ग रोखायला हा फार उपयोगी उपाय आहे, पण तो पाळणं आईच्या एकटीच्या हातात नसतं. तिला आणि मुलाच्या वडिलांनाही त्या दोन दिवसांची पगारी रजा द्या, अशी माझी विनंती कामावर ठेवणाऱ्या प्रत्येकाला आहे.